अमेरिकेत डिटेन्शनमध्ये असलेल्या आपल्या माणसाची भेट : कोल्हापुरात बसून ती कशी घडवायची

कोल्हापुरात कुणी आत गेलं तर पुढं काय करायचं, हे गल्लीतला कुणीही सांगतो. कळंबा जेलच्या गेटवर जायचं, ओळखपत्र दाखवायचं, मुलाखतीला नाव लावायचं आणि वाट बघायची. पोरगं अमेरिकेत इमिग्रेशनवाल्यांनी धरलं, तर मात्र अख्खं घर नुसतं फोनकडं बघत बसतं. माझ्या बायकोचा भाचा असाच तिकडं चार महिने आत होता. पहिल्या आठवड्यात आम्ही जे जे केलं, ते जवळपास सगळं चुकलं. नंतर ओळखीतून आणखी दोन घरं माझ्याकडं आली आणि तेच प्रश्न पुन्हा निघाले, म्हणून हे एकदा सविस्तर लिहून काढतोय.

"ही पंजाब-गुजरातकडची भानगड" असं आपल्याकडं अजून बोललं जातं. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं, तेव्हा त्यात महाराष्ट्रातले तिघे होते. आणि सगळेच सीमा ओलांडून गेलेले नसतात. व्हिसाची मुदत संपलेला, कॉलेज सोडलेला, नोकरी गेल्यावर तिकडंच राहिलेला, असाही माणूस धरला जातो.

आधी हे समजून घ्या

इमिग्रेशन डिटेन्शन ही शिक्षा नव्हे. तिकडच्या कायद्यानं ती दिवाणी स्वरूपाची कोठडी आहे. ऐकायला बरं वाटतं, पण त्याचे परिणाम उलटे होतात. फौजदारी आरोपीची ऐपत नसेल तर सरकार वकील देतं, इथं देत नाही. वकील लावायचा हक्क आहे, खर्च आपला. शिक्षाच नसल्यामुळं "किती दिवस" याला ठरलेलं उत्तर नसतं. आणि माणसाला एका केंद्रातून दुसऱ्या राज्यातल्या केंद्रात कधीही हलवतात, घरच्यांना आधी कळवत नाहीत. धरणारं खातं म्हणजे 'आइस' (ICE, अमेरिकेचं इमिग्रेशन कायदे राबवणारं खातं). त्यांची काही केंद्रं खासगी कंपन्या चालवतात, काही ठिकाणी जिल्ह्याच्या तुरुंगातल्या खोल्या भाड्यानं घेतलेल्या असतात. त्यामुळं भेटीची वेळ, पद्धत, कपड्यांचे नियम, सगळं केंद्रागणिक बदलतं. एकाचा अनुभव दुसऱ्याला जसाच्या तसा लागू पडत नाही, माझाही नाही.

पहिली गोष्ट: तो आहे कुठं?

आइसच्या संकेतस्थळावर 'ऑनलाइन डिटेनी लोकेटर' आहे. कोल्हापुरातून मोबाइलवरही तो उघडता येतो. शोधायचे दोन मार्ग आहेत: ए-नंबर आणि जन्मदेश, किंवा नाव, आडनाव आणि जन्मदेश. ए-नंबर म्हणजे इमिग्रेशन खात्यानं त्या माणसाला दिलेला क्रमांक, 'ए' अक्षर आणि पुढं आकडे. आकडे आठच असतील तर आधी शून्य लावून नऊ करायचे. हा नंबर हाती लागला की तो घरातल्या चौघांच्या फोनमध्ये आणि एका वहीत लिहून ठेवा. पुढं कोर्ट, वकील, पत्र, पैसे, सगळीकडं पहिला प्रश्न हाच येतो.

नंबर नसेल तर नावानं शोधा, पण इथं आपल्या मराठी नावांची गंमत आहे. लोकेटरला नाव त्यांच्या नोंदीत आहे तस्संच लागतं. आपल्या पासपोर्टवर बऱ्याचदा मुलाचं आणि वडलांचं नाव मिळून 'गिव्हन नेम' होतं आणि आडनाव वेगळ्या ओळीत येतं. समजा नाव सागर बाळासाहेब पाटील. तिकडच्या नोंदीत तो 'सागर बाळासाहेब' असेल, नुसता 'सागर' असेल, किंवा कुणी गडबडीत बाळासाहेबलाच आडनाव करून ठेवलं असेल. आम्ही अकरा प्रकारे टाकून बघितलं, तेव्हा सापडला. पासपोर्टची झेरॉक्स समोर ठेवा, त्यातलं स्पेलिंग पहिलं टाका, मग एकेक बदल करत जा.

सीमेवर नुकताच धरलेला माणूस पहिले काही दिवस सीमा पोलिसांच्या ताब्यात असतो, तेव्हा तो लोकेटरवर लगेच दिसेलच असं नाही. अठरा वर्षांखालची मुलं त्यात दिसतच नाहीत. दोन-तीन दिवसांनीही सापडला नाही, तर तिकडच्या ओळखीच्या माणसाला आइसच्या त्या भागातल्या फील्ड ऑफिसला फोन करायला सांगा.

सापडला की दुसरी तपासणी कोर्टाची. इमिग्रेशन कोर्टाची माहिती देणारी स्वयंचलित फोनलाइन आहे, १-८००-८९८-७१८०. ए-नंबर दाबला की पुढची तारीख कळते. हेच ऑनलाइनही बघता येतं. तिकडच्या माणसाकडून हे काम दर आठवड्याला करवून घ्या, कारण तारखा सरकतात.

इथून उठून जाऊ नका

आमच्या वहिनींचं पहिलं वाक्य होतं, "दाजी, तिकीट काढा, मी जाते." आई असं म्हणणारच. पण भेटायला जायचं तर टुरिस्ट व्हिसा लागतो. मुंबईच्या अमेरिकन वाणिज्य दूतावासात मुलाखतीची तारीख मिळायलाच बराच काळ जातो, आणि तिथं "कशाला जाताय?" याचं उत्तर द्यावं लागतं. खरं सांगितलं तर व्हिसा मिळणं अवघड, खोटं सांगितलं तर तुमच्याच नावावर कायमचा डाग. "फिरायला जातोय म्हणा" असा सल्ला देणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका.

तेव्हा भेटीला जायचं ते तिकडं राहणाऱ्या माणसानं. कोल्हापुरातल्या घराचं काम तो माणूस शोधायचं आणि त्याला तयार करायचं. या गोष्टीवर आम्ही सगळ्यात कमी वेळ घालवला होता, आणि नंतर कळलं की खरं काम हेच होतं.

माणूस कसा निवडाल? नात्यानं जवळचा कोण हे बघू नका, कागदानं पक्का कोण हे बघा. भेटायला येणाऱ्या प्रौढाला सरकारी फोटो ओळखपत्र दाखवावं लागतं. अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला सगळ्यात बरा. एच-१बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असलेलाही जाऊ शकतो, पासपोर्ट आणि व्हिसाचे कागद बरोबर ठेवून. ज्याचे स्वतःचे कागद लटकलेले आहेत, मुदत संपलेली आहे, त्यानं त्या इमारतीच्या पार्किंगमध्येसुद्धा जाऊ नये. मग तो सख्खा भाऊ का असेना. इथं भावनेला जागा नाही, एकाला भेटायला जाऊन दुसरा आत बसायचा.

ओळखीत कुणी नसेल तर मंडळं आहेत. उत्तर अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांची बृहन्महाराष्ट्र मंडळ ही १९८१ पासूनची शिखर संस्था आहे. त्या त्या शहराच्या मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना सरळ, थोडक्यात मेल लिहा: कोण आत आहे, कुठं आहे, काय हवंय. सगळे उत्तर देत नाहीत. काहींना या विषयाची लाजच वाटते, "आमच्या मंडळात असले लोक नाहीत" असाही सूर ऐकला. पण एखादा कराडचा, इस्लामपूरचा, गडहिंग्लजचा माणूस निघतो. काही केंद्रांजवळ अमेरिकन स्वयंसेवकांचे भेट-गटही आहेत, तेही अनोळखी माणसाला भेटायला जातात. चर्चमधल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईनं आपल्या पोराची चौकशी करणं, हे आम्हाला आधी विचित्र वाटलं होतं. तिनं तीन खेपा केल्या.

भेटीला जाणाऱ्याचा दिवस मोडणार आहे याची जाण ठेवा. ही केंद्रं शहरापासून लांब असतात. जॉर्जियातलं स्टुअर्ट केंद्र लम्पकिन नावाच्या छोट्या गावात आहे. अटलांटापासून साधारण २२५ किलोमीटर, म्हणजे कोल्हापूर ते पुणे. जाऊन येऊन अख्खा दिवस, आणि भेट अर्ध्या तासाची. पेट्रोलचे पैसे विचारा. तो नको म्हणेल, तरी विचारा.

भेटीआधीची तयारी

आइसच्या संकेतस्थळावर प्रत्येक केंद्राचं पान असतं. भेटीचे वार, वेळा, आगाऊ नोंदणी लागते का, ते त्यावर असतं. पान वाचून झालं तरी फोन करून खात्री करावी. काही ठिकाणी आडनावाच्या अक्षरानुसार किंवा राहण्याच्या विभागानुसार वार ठरलेले असतात, काही ठिकाणी आतल्या माणसानंच भेटणाऱ्याचं नाव आधी यादीत घालावं लागतं. आइसची जी मानकं आहेत त्यांत साधी भेट किमान ३० मिनिटांची आणि शनिवार-रविवार व सुट्टीला भेटीची सोय, असं लिहिलेलं आहे. वकिलांच्या भेटीला यापेक्षा पुष्कळ मोकळीक असते.

निघायच्या दिवशी सकाळी लोकेटर पुन्हा उघडायचा. ही ओळ मी दोनदा लिहायला तयार आहे. आमचा माणूस साडेतीन तास गाडी चालवत गेला आणि खिडकीवर कळलं की भाच्याला परवाच दुसऱ्या राज्यात हलवलंय. त्या केंद्राचा काही दोष नव्हता, सकाळी बघितलं असतं तर नाव तिथं नाही हे आम्हालाच दिसलं असतं.

बरोबर काय न्यायचं? ओळखपत्र आणि गाडीची किल्ली. बस. मोबाइल, स्मार्ट घड्याळ, पर्स, सगळं गाडीत किंवा लॉकरमध्ये. आत धातुशोधक यंत्र असतं, तेव्हा बायका जाणार असतील तर बांगड्या, जोडवी, मोठं मंगळसूत्र घरी ठेवलेलं बरं. तिथं उतरवून ठेवायला सांगितलं की मन खट्टू होतं. कपडे साधे, अंगभर. बिनबाह्यांचे, आखूड, पारदर्शक चालत नाहीत. पुष्कळ केंद्रांत आतल्यांचे कपडे निळे, नारंगी आणि लाल असतात, तेव्हा ते रंग टाळा. लहान मूल बरोबर असेल तर मोठ्या माणसासोबतच, आणि मुलाचा जन्मदाखला जवळ ठेवावा.

खाऊ, चिवडा, औषध, गळ्यातला ताईत, काहीही देता येत नाही. वहिनींनी एका ओळखीच्या बाईबरोबर अंबाबाईचं कुंकू पाठवलं होतं. ते भेटीला जाणाऱ्या माणसाच्या घरी देवघरात राहिलं.

अर्धा तास कसा वापरायचा

जाणाऱ्याला आधी एक पान लिहून द्या, पण ते आत नेता येईलच असं नाही, म्हणून त्याला ते पाठ व्हायला हवं. काचेपलीकडून फोनवर बोलावं लागू शकतं, काही ठिकाणी एकाच टेबलावर बसवतात.

आधी तब्येत. मधुमेह, बीपी, दम्याचं औषध मिळतंय का. नसेल तर लेखी मागितलंस का? तोंडी मागणं तिथं मोजत नाहीत. शाकाहारी असेल तर तसं जेवणही लेखी अर्जानंच मागायचं. मग कागद: कोणत्या कागदावर सही केलीस? हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. न समजता, मराठी किंवा हिंदी दुभाषा न मागता, "लवकर सोडतील" या आशेवर पोरं सह्या करतात, आणि तो कागद स्वतःच्या हद्दपारीला संमती देणारा निघतो. हद्दपारीचा आदेश झाला की प्रकारानुसार ५, १० किंवा २० वर्षं अमेरिकेचा दरवाजा बंद होऊ शकतो. स्वतःहून देश सोडायची परवानगी मागणं ही वेगळी वाट आहे, तिचे परिणामही वेगळे. कोणती घ्यायची ते वकिलानं सांगायचं, भेटीला गेलेल्या पाहुण्यानं नाही.

मग कोर्टाची तारीख, वकिलाचं नाव, पासपोर्ट आणि मोबाइल कुणाकडं जमा आहे, आणि भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवायला सांगितलंस का, एवढं विचारायचं.

काय बोलायचं नाही, तेही ठरवून जा. भेटीतलं आणि फोनवरचं बोलणं नोंदवलं जातं असं धरूनच चाला. एजंटाला किती दिले, कुठल्या देशातून गेला, कोणते कागद खोटे होते, यातलं एक अक्षर नको. वकिलाशी झालेलं बोलणं गुप्त राहतं, मामाशी झालेलं राहत नाही. आमच्याकडचे थोरले आबा फोनवर त्याच विषयावर घसरायचे, "त्या एजंटाला मी बघतो" म्हणून. शेवटी त्यांना फोन देणंच बंद केलं.

उरलेली मिनिटं गावाकडच्या गप्पांना ठेवा. शेतात काय लावलंय, पंचगंगेला पाणी किती चढलं, धाकटीचं लग्न ठरलं का. भाच्यानं नंतर सांगितलं, त्याला वकिलाचं बोलणं आठवत नव्हतं, पण राजाराम बंधाऱ्यावर पाणी आलंय हे आठवत होतं.

बाहेर पडल्या पडल्या गाडीत बसून जाणाऱ्यानं सगळं व्हॉइस मेसेजमध्ये बोलून टाकायचं. घरी जाऊन सांगतो म्हटलं की निम्मं विसरतं.

फोन, पैसे, पत्र

बाहेरून आत फोन लागत नाही, आतूनच बाहेर येतो. अनोळखी अमेरिकन नंबर, आणि उचलला की इंग्रजीतली यांत्रिक बाई बोलते: अमुक ठिकाणाहून फोन आहे, स्वीकारायचा तर अमुक आकडा दाबा. आमच्या वहिनींनी फसवणुकीचा फोन समजून तो तीनदा कापला. घरातल्या प्रत्येकाला हे शिकवा, हवं तर चिठ्ठी लिहून फोनमागं चिकटवा. आणि वेळ: तिकडं पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा इथं पहाटेचे साडेतीन. थंडीत आणखी एक तासाचा फरक. फोन उशाशी, आवाज मोठा.

आतल्या दुकानातून साबण, नूडल्स, फोनचे मिनिट घ्यायला पैसे लागतात. त्या केंद्राची जी कंपनी असेल तिच्या ॲपवरून तिकडचा माणूस भरतो. आत स्वेच्छेनं काम केलं तर दिवसाला एक डॉलर मिळतो, त्यावर भागत नाही. काही केंद्रांत टॅबलेटवरून व्हिडिओ भेटही होते. पत्रावर पूर्ण नाव, ए-नंबर आणि केंद्राचा पत्ता. ते उघडून बघितलं जातं, तेव्हा तेच पथ्य. पुस्तक पाठवायचं तर बहुतेक ठिकाणी थेट विक्रेत्याकडून नवंच जावं लागतं.

वकील आणि दूतावास

मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात बसतंय, म्हणून एका घरानं इथल्या वकिलाला फी देऊन टाकली. इथला वकील कितीही नामांकित असो, अमेरिकन इमिग्रेशन कोर्टात तो उभा राहू शकत नाही. तिकडचाच वकील लागतो, आणि त्याचा परवाना ज्या राज्याचा आहे, तिथल्या बार असोसिएशनच्या संकेतस्थळावर त्याचं नाव आहे का हे पैसे पाठवण्याआधी बघा. इमिग्रेशन कोर्टाकडं मोफत किंवा कमी फीत काम करणाऱ्यांची यादी असते, आतल्या माणसालाही ती मिळते. "मी आइसमधून बोलतोय, इतके भरा, उद्या सोडतो" असे फोन आले तर ठेवून द्या.

इथल्या घरानं वकिलाला पुरवायचे ते कागद: जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आजारपणाचे कागद. मराठीत असतील तर इंग्रजी भाषांतर आणि भाषांतर करणाऱ्याच्या सहीचं प्रमाणपत्र. दाखल्यावरचं आणि पासपोर्टवरचं स्पेलिंग वेगळं असेल तर ते वकिलाला आधीच सांगा.

१९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ नुसार अटकेतल्या परदेशी माणसाला आपल्या दूतावासाशी संपर्काचा हक्क आहे. पण अमेरिकेनं ज्या देशांच्या दूतावासांना आपोआप कळवायचं अशी यादी केलीय, त्यात भारत नाही. आतल्या माणसानं मागितलं तरच कळवतात, म्हणून भेटीत तो प्रश्न विचारायचा. आतून दूतावासाला फोन मोफत असतो. इकडून तुम्ही परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवा. ए-नंबर, पासपोर्ट नंबर आणि केंद्राचं नाव त्यात हवंच. दूतावास सुटका करून देत नाही. विचारपूस करतो, कागद देतो, आणि अगदी गरजूला भारतीय समुदाय कल्याण निधीतून मदत होऊ शकते.

पासपोर्ट नसेल आणि परत पाठवायचं ठरलं, तर दूतावास आणीबाणीचं प्रवासपत्र देतो. त्यासाठी हा माणूस भारतीयच आहे याची खात्री इकडं होते. पोलीस घरी आले की पुष्कळ घरं घाबरून "आमचा त्याच्याशी संबंध नाही" म्हणतात. शेजाऱ्यांसमोर इज्जतीचा प्रश्न वाटतो. पण त्या एका वाक्यानं पोरगं आणखी काही महिने आत राहू शकतं. पासपोर्टची प्रत, रेशन कार्ड, शाळेचा दाखला काढून ठेवा आणि सरळ दाखवा.

परतीचं विमान दिल्लीला किंवा अमृतसरला येऊ शकतं, आणि निरोप ऐनवेळी येतो. कोल्हापूरहून निजामुद्दीनची गाडी आठवड्यातून एकदाच आहे, तिच्या भरवशावर राहू नका. घ्यायला एकानंच जा, सगळी भावकी नको. डिटेन्शनमध्ये बुटाच्या नाड्या आणि कमरेचा पट्टा काढून घेतात, सामान मागं राहिलेलं असू शकतं. त्याच्या मापाची चप्पल, शर्ट-पँट, एक स्वेटर आणि चालू सिमकार्ड घातलेला साधा फोन एवढं पिशवीत घाला.